तिसरा तंबोरा

वॅट हा शब्द आपल्या लोकांत विजेच्या दिव्याबरोबर आला आणि दिव्याचा हिशेब पुढे लोकांनी आवाजालाही लावून टाकला. शंभराचा दिवा चाळिसाच्या दिव्यापेक्षा लख्ख. तेव्हा शंभर वॅटचा ॲम्प्लिफायर चाळीस वॅटच्या ॲम्प्लिफायरपेक्षा अडीचपट गाणार, हे ओघानेच आले. देवळाच्या उत्सवाची सभा भरली आणि मंडपातल्या ध्वनिक्षेपकांचा विषय निघाला, की पहिला प्रश्न "किती वॅट?" हाच असतो, जणू देवाच्या कानांपर्यंत पोचण्याचे भाडे वॅटमध्येच आकारले जाते. गतवर्षी आमच्या घरच्या संगीतसाधनासाठी नवा पॉवर ॲम्प्लिफायर घेण्याचा विचार आम्ही बोलून दाखविला, तेव्हा फोंड्याच्या बाररूमपासून घरच्या ओसरीपर्यंत ज्याने त्याने आम्हांला हेच विचारले. उत्तर आम्ही कागदावर मांडून पाहिले. ज्या वाचकांना आकड्यांचा कंटाळा असेल त्यांनी पुढचा परिच्छेद गाळला, तरी त्यांचा दावा काढून टाकण्यात येणार नाही.

कान आवाज मोजतो तो पटीने मोजतो. वीज दुप्पट केली तर आवाज तीन डेसिबलने चढतो, आणि तीन डेसिबल म्हणजे लक्ष देऊन ऐकणाऱ्यास जाणवेल इतकाच फरक. 'आता दुप्पट झाला' असे कानाला वाटण्यास सुमारे दहा डेसिबल लागतात, म्हणजे दसपट वीज. चाळिसावरून शंभर वॅटवर गेल्याने पदरात पडतात ते अवघे चार डेसिबल. आमचे स्पीकर एका वॅटला एक मीटर अंतरावर ८६ डेसिबल देतात. बैठकीची खोली जांभ्या दगडाच्या भिंतींची, जमीन गुळगुळीत. त्यामुळे आवाज फारसा विरत नाही आणि तीन मीटरवरच्या आरामखुर्चीत, दोन्ही स्पीकरांना एकेक वॅट दिला असता, ८३ च्या आसपास पोचतो. सायंकाळी आम्ही गाणे ऐकतो ते सरासरी ७५ डेसिबलवर. त्याला लागणारी वीज एका वॅटच्या सहाव्या हिश्श्याएवढी! तबल्याची एखादी थाप त्याच्या वर वीस डेसिबल उसळली, तरी सोळा वॅटांत काम भागते. आमचा जुना ॲम्प्लिफायर चाळीस वॅटचा होता.

ह्या हिशेबाला जुन्या कारागिरांची साक्षही आहे. १९४७ साली इंग्लंडच्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात विल्यमसनने ज्या ॲम्प्लिफायरची रचना प्रसिद्ध केली आणि जी पुढे जगभरच्या हौशी मंडळींनी घरोघरी जुळविली, ती पंधरा वॅटची होती. १९५३ सालचा नावाजलेला क्वाड टू, तोही पंधराचाच. १९७८ मध्ये निघालेल्या एनएडी ३०२० ने वीस वॅटांवर असंख्य मध्यमवर्गीय घरे संतुष्ट केली. आणि वॅटांचाच विषय आहे म्हणून आणखी एक सांगतो. १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर जी सोनेरी तबकडी आहे, तीत आमच्या फोंडे तालुक्यातल्या केरीच्या केसरबाईंची भैरवी आहे, हे ह्या मासिकाच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. त्या यानाचा संदेश पाठविणारा प्रेषक वीसबावीस वॅटचा आहे. सर्व ग्रह मागे टाकल्यावरही त्याचे बोलणे पृथ्वीवर ऐकू आले, ते इकडे कान लावून बसलेल्या तबकड्या सत्तर सत्तर मीटर व्यासाच्या आहेत म्हणून. रेडिओलहरी आणि बैठकीतला आवाज ह्यांची तुलना शास्त्रशुद्ध नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु बाररूममध्ये ह्या दाखल्याने वॅटवाल्यांची तोंडे बंद झाली, एवढे खरे.

मग नवा ॲम्प्लिफायर हवाच कशाला? सौ. नी हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला. पावसाळ्यापूर्वी माडीवरची कौले परतावयाची होती, दोन वासे बदलावयाचे होते, आणि एका मुंडकारीच्या दाव्यात सहा वर्षे खेटे घातल्यावर मिळालेली फी एकच होती. प्रश्न रास्त होता. उत्तर आमच्या वडिलांपाशी होते.

बाबांनी चाळीस वर्षे देवळातल्या भजनाला पेटीची साथ केली. आता त्यांचे वय ८४. उतारवयात बहुतेकांचे होते तेच त्यांच्या कानांचे झाले आहे: तपासणीच्या आलेखात दर सेकंदास दोन हजार कंपनांच्या पुढची रेषा उतरणीला लागते आणि चार हजारांच्या पुढे थेट दरीत जाते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत जेवणानंतर तासभर गाणे ऐकल्याखेरीज ते आडवे होत नसत. मग हळूहळू तास अर्ध्यावर आला, अर्ध्याचा पाव झाला, आणि एके दिवशी त्यांनी "पुरे" म्हटले. कारण विचारले तर एकच वाक्य: "तंबोरो आयकूंक येना." तंबोरा ऐकू येत नाही.

घरातल्या प्रत्येकाने ह्याचा अर्थ आपापल्या परीने लावला. वय झाले, आवाज वाढवा, मोठा ॲम्प्लिफायर आणा. परंतु म्हाताऱ्या कानाचा एक चमत्कारिक धर्म आहे. हळू आवाज त्याला मुळीच ऐकू येत नाही आणि तो वाढवीत गेले की थोड्याच अंतरावर एकदम असह्य होतो. ऐकू येणे आणि टोचणे ह्यांच्यामधली जागाच अरुंद झालेली असते. तेव्हा दीडशे वॅट हा ह्या रोगावरचा उपाय नव्हे. आवाज वाढविला की बाबा हात वर करून थांबवीत आणि पुन्हा तेच वाक्य बोलत.

आमचा धंदा साक्षीदार तपासण्याचा. दृष्टी अधू असलेल्या साक्षीदाराने आवाज ओळखला, तर त्याची साक्ष केवळ डोळ्यांच्या कारणावरून फेटाळता येत नाही. आम्ही बाबांची रीतसर तपासणी केली. कोणते गाणे लावले असता तंबोरा ऐकू येत नाही? सगळी? तेव्हा असे निघाले की पांढरी दोनमध्ये गाणाऱ्या एका बुवांच्या ध्वनिमुद्रिकेविषयी त्यांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती बायकांच्या गाण्याविषयी, त्यातही पांढरी पाच आणि तिच्या शेजारच्या काळ्या पट्ट्यांविषयी. "तेथे आणखी कोणीतरी गुणगुणतो," असे ते म्हणाले. तक्रारीत इतका बारीक तपशील देणारा साक्षीदार सहसा खोटा नसतो.

पांढरी पाचचा षड्ज दर सेकंदास १९६ कंपनांचा. त्या पट्टीतल्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ९८ वर बोलते. आता आपल्या देशातली वीज पहा. ती सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. ॲम्प्लिफायरमध्ये शिरल्यावर प्रत्येक हेलकाव्याचा खालचा अर्धा भाग उलटून वर घेतला जातो, म्हणून पन्नासाचे शंभर ठोके होतात. हे ठोके मुरवून वीज संथ करण्याचे काम कपॅसिटर नावाच्या डब्यांकडे असते. विहिरीवरून पाणी घागरीघागरीने येते, पण मध्ये टाकी असली म्हणजे तोटीची धार अखंड राहते, तसेच हे. वीसतीस वर्षांत त्या डब्यांतला द्रव सुकतो, टाकी लहान होते, आणि घागरीचे हिसके तोटीला कळू लागतात. आमच्या जुन्या ॲम्प्लिफायरचे तसे झाले होते. स्पीकरला कान चिकटवून बसले तरच आम्हांला ऐकू येणारी शंभर कंपनांची एक मंद गुणगुण त्यातून अहोरात्र चाले.

शंभर आणि अठ्ठ्याण्णव! दोन जवळचे स्वर एकत्र वाजले की त्यांच्यात फरकाइतक्या लाटा उठतात. येथे सेकंदाला दोन. खर्जाची तार छेडली की तिच्या गुंजनाला दर सेकंदास दोनदा हादरा बसे, आणि ज्या स्थिर भूमीवर गाणे उभे राहावयाचे ती भूमीच हलत राही. गायिकेच्या मागे दोन तंबोरे असतात. आमच्या घरात तिसरा होता, आणि तो वीजमंडळाने लावलेला होता. गंमत अशी की नियमाने विजेचा हा ठोका ४९.९० ते ५०.०५ ह्यांच्या दरम्यान ठेवावयाचा असतो आणि मागणीप्रमाणे तो दिवसभर किंचित वरखाली होतो. म्हणजे हा तंबोरा स्वतःच्या खुंट्याही स्वतःच पिळीत असे. बाबांच्या कानांतले वरचे मजले ढासळले होते, पण तळघर शाबूत होते, आणि गडबड तळघरातच होती. आमच्या कानाला वरचे इतके काही ऐकू येते की खालचे दुर्लक्षिले जाते. त्यांच्यापाशी आता मुख्यतः खालचेच उरले होते.

मडगावहून एक जाणता तंत्रज्ञ येऊन पाहून गेला. यंत्राचा पूर्वार्ध, म्हणजे आवाज कमीजास्त करणारा भाग, निर्दोष होता. गुणगुण उत्तरार्धात, शक्ती पुरविणाऱ्या भागात होती. कपॅसिटर नवे घालता आले असते, परंतु एका बाजूचे ट्रान्झिस्टरही थकले होते. त्या जातीचे ट्रान्झिस्टर आता निघत नाहीत आणि बाजारात मिळतात त्यांत नकलीच पुष्कळ. सुदैवाने यंत्राच्या पाठीवर पूर्वार्ध आणि उत्तरार्ध वेगळे करण्याची सोय होती. जुन्याचा पूर्वार्ध ठेवावा आणि त्याला नवा पॉवर ॲम्प्लिफायर जोडावा, हा सल्ला त्याचाच.

ह्या यंत्रांच्या जाती अक्षरांनी ओळखल्या जातात. क्लास ए मध्ये वीज गाणे असो वा नसो सारखी जळत राहते. आवाजाच्या रूपाने हाती फार तर निम्मी येते आणि उरलेल्या विजेची उष्णता होते. गोव्याच्या मे महिन्यात माणसाने आपणहून बैठकीत शेगडी का आणून ठेवावी, हे आम्हांला कळत नाही. क्लास एबी हा मधला मार्ग. बहुतेक घरांत तोच असतो. क्लास डी ह्या नव्या जातीत वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करून तिच्यातून आवाज घडविला जातो आणि दहांतील नऊ हिस्से कामी येतात. डी म्हणजे डिजिटल असे दुकानातला मुलगा सांगत होता. ते खरे नव्हे. ए, बी, सी ही अक्षरे संपली होती, एवढेच.

पणजीच्या दुकानात आम्हांला दोन यंत्रे दाखविण्यात आली. एक क्लास एबीचे, दीडशे वॅटचे, वीस किलोंहून जड, समोर निळा दिवा. दुसरे क्लास डीचे, सत्तर वॅटचे, जाड कायद्याच्या ग्रंथाएवढे. किंमत पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. दुकानदार गृहस्थ अत्यंत सभ्य. त्यांनी मोठे यंत्र लावले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, आता तबल्याची धार कशी सुटी झाली ती ऐका." आम्ही हात वर केला. सरतपासात सूचक प्रश्न विचारता येत नाही. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हे बंधन तसेच आहे. 'धार सुटी झाली' असे सांगून ऐकविले तर धार सुटी झालेलीच ऐकू येते. शिवाय मोठे यंत्र किंचित मोठ्याने वाजत होते, आणि दोन आवाजांतला थोडासा मोठा आवाज कानाला मोठा न वाटता केवळ चांगला वाटतो. आमच्या व्यवसायात ह्या युक्तीवर काहींनी नाव मिळविले आहे. त्याविषयी येथे अधिक लिहिणे प्रशस्त नाही.

अनामत ठेवून दोन्ही यंत्रे आठवडाभरासाठी घरी आणली आणि ओळखपरेडीचा घाट घातला. ही कल्पना आमची नव्हे. डेव्हिड क्लार्क ह्यांनी १९८२ साली ध्वनिअभियंत्यांच्या नियतकालिकात अशा झाकल्या परीक्षेचे साधन वर्णिले आहे. आणि १९८७ च्या जानेवारीत 'स्टिरिओ रिव्ह्यू' ह्या अमेरिकन मासिकाने स्वस्त आणि महाग ॲम्प्लिफायर पडद्याआड वाजवून पाहिले, तेव्हा ऐकणाऱ्यांना ते खात्रीने ओळखता आले नाहीत. आम्ही जुने आणि नवी दोन अशी तीन यंत्रे सतरंजीच्या पडद्यामागे मांडली. भाच्याने साठ कंपनांचा एक स्वर वाजवून स्पीकरच्या टोकांवरील व्होल्टेज मीटरने मोजले आणि तिन्हींची पातळी सारखी केली. कोणते यंत्र केव्हा लावावयाचे हे तो नाणे उडवून ठरवी आणि एका चिठ्ठीत टिपून ठेवी.

मोठे नवे आणि लहान नवे ह्यांत आम्ही सोळांपैकी नऊ वेळा बरोबर ओळखले. नाण्याने आठ वेळा ओळखले असते. किमान बारा बरोबर आले असते तर काही म्हणता आले असते. सौ. चे आठ आले, आणि त्या लगेच कौलांच्या विषयाकडे वळल्या. मोठ्या यंत्रापाशी दुसऱ्या कोणत्याही गुणाचा पुरावा नव्हता काय? होता. आमच्या स्पीकरचा विरोध आठ ओहम लिहिला असला तरी काही स्वरांवर तो चाराच्या खाली जातो. अशा वेळी मोठे यंत्र न डगमगता दुप्पट वीज देते. मोठा दिवाणखाना असता, चढा आवाज असता, तर ही क्षमता कामी आली असती. पण मोठ्या यंत्राची गुणकशक्तीही जास्त होती. त्यामुळे आवाजाची खुंटी थोडीशी फिरविली की पुरे होई आणि पूर्वार्धातला सूक्ष्म सुस्कारा अधिक मोठा होऊन बाहेर येई. शिवाय ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि आमचे शेजारी हे आमचे पक्षकार आहेत. उद्या त्यांनी आमच्याविरुद्ध आमच्याकडेच वकीलपत्र आणले, तर काय करावे?

जुने यंत्र मात्र आम्ही सोळांपैकी चौदा वेळा ओळखले, आणि तेही गाण्यावरून नव्हे. दोन आलापांच्या मध्ये गायिका थांबे त्या जागेवरून. नव्या दोन्ही यंत्रांत त्या जागेत फक्त तंबोरे होते. बाबांना शेवटी बसविले. त्यांना नियम समजावून सांगण्याची गरज पडली नाही. डोळे मिटून, मांडीवर बोटाने मात्रा मोजीत त्यांनी सोळांपैकी सोळा वेळा जुने यंत्र ओळखून दाखविले. भाच्याने चिठ्ठी दोनदा तपासली. ज्याला पानांची सळसळ ऐकू येत नाही, दारावरची घंटी ऐकू येत नाही, त्या माणसापुढे आम्ही सगळे डोळस कानांचे लोक त्या सायंकाळी हरलो.

लहान यंत्र घेतले. मोठे परत करताना दुकानदारांनी "साहेब, पुढेमागे लागेल" असे सुचविले; त्यावर आम्ही नम्रतेने मौन पाळले. फीमधून जे उरले त्यात कौले परतून झाली, वाशांपैकी एक बदलून झाला, आणि बाबांच्या श्रवणयंत्रासाठी पहिला हप्ता भरला. कारण पॉवर ॲम्प्लिफायरने तळघर झाडून दिले तरी नातवाचे बोलणे वरच्या मजल्यावरच असते आणि तेथे दुसराच उपाय लागतो. तंत्रज्ञाने जाता जाता घराचे अर्थिंग पाहण्यास सांगितले होते. नव्या यंत्रात पूर्वीची गुणगुण नाही, पण शेजारी पाण्याचा पंप सुरू झाला की क्षणभर एक टक् असा आवाज येतो. वायरमन सोमवारी येतो म्हणाला आहे. तो कोणता सोमवार, हे त्याने सांगितलेले नाही.

जेवणानंतरचा तास पुन्हा सुरू झाला आहे. पहिले चार दिवस बाबा काही बोलले नाहीत. नुसते ऐकत बसले. पाचव्या दिवशी आमच्या अत्यंत आवडीची, पांढरी पाचमधलीच एक ध्वनिमुद्रिका लागली होती. मध्यलय संपत आली तसे त्यांनी डोळे उघडले आणि हाताने थांबविण्याची खूण केली. डावीकडच्या तंबोऱ्याची जोडीची एक तार केसभर उतरलेली आहे, असे त्यांचे म्हणणे. आम्ही ते गाणे पंचवीस वर्षे ऐकत आलो आहो. आता रोज ते लागले की आमचे लक्ष त्या तारेकडेच जाते.